वरून काढलेला फोटो

आईचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं ती म्हणायची आणि कॅमेरा दिसला की पदर ओढून चुलीकडे निघून जायची. आयुष्य व्हायचं तेवढं कमी झालंच. त्या फाल्गुनात साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. मला अजून तिचा राग येतो.

मी तेव्हा जळगावला भूगोलात संशोधन करत होते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रावरून चोपड्याकडची केळी कुठली, कापूस कुठला हे ओळखायचं, हा माझा विषय. त्या चित्रांत हिरवं पीक लाल दिसतं. केळीच्या बागा तर गडद लाल. आपण ओळखलेलं खरं आहे का, ते शेतात जाऊन ताडून पाहावं लागे. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच भागातल्या आमच्या गावी जाताना विभागातलं चित्र गुंडाळून सोबत नेलं.

आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. आईची ही पहिलीच घागर. शेजाऱ्यांकडे घागरीमागे हार घातलेला फोटो, आमच्याकडे कोरी भिंत. वडील, म्हणजे आबा, त्या भिंतीकडे बघत बसून होते. त्यांचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी चित्र उलगडलं आणि आपलं वावर, आपलं केळीचं शेत, दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

हे कधीचं, आबांनी विचारलं. कडेला तारीख छापलेली होती, पौषातली. उपग्रह सकाळी न्याहारीच्या सुमाराला वरून जातो, हेही मी हौसेने सांगून टाकलं. आबांनी त्या तारखेवर बोट टेकवलं.

"त्या येळले तुनी माय वावरमाच ऱ्हाये," ते म्हणाले. "मंग ती बी यामा शे."

एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आबांनी चित्र घागरीमागे टेकवून ठेवलं, कुंकवाचं बोट त्या ठिपक्यावर लावलं. ती गेली तेव्हाही रडलो नव्हतो इतकं आम्ही दोघं रडलो.

परतल्यावर मार्गदर्शक सर डाग बघून भयंकर चिडले. जळगावातल्या मेहरूण भागातल्या माझ्या खोलीवर मी ओल्या कापसाने पुसत बसले. लाल बागेवरचं लाल कुंकू, किती निघालं ते कळेना. माझ्या नकाशात त्या जागी मी 'केळी' लिहिलं. चित्र विभागाच्या कपाटात कुलपाआड गेलं. ते बाहेर न्यायला मला पुन्हा परवानगी मिळाली नाही.

पुढच्या आखाजीआधी गावच्या माणसाबरोबर आबांचा निरोप आला, येताना तुझ्या आईचा फोटो घेऊन ये.