शेवटच्या गाण्यातला आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गजूला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सुगतला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही त्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंडाशी आलेलं मी कसं गिळतो, ते मला अकरा वर्षांपासून चांगलं ठाऊक आहे.

आधी जरा चांगलं सांगू द्या. चांगलंही खूप होतं हो. वाशीमजवळच्या मालेगावात आमचं फोटो स्टुडिओचं दुकान, लग्नाचे फोटो आणि शूटिंग. त्याच दुकानात आम्ही तिघांनी आमच्या बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. बँडचं नाव 'कोरडवाहू'. गजू ड्रम, मी गिटार, सुगत बास, आणि ओरडायचो तिघंही. या प्रकाराला पोस्ट-हार्डकोर म्हणतात, हे आम्हाला चार गाणी झाल्यावर इंटरनेटवर कळलं. तोवर गजूची आई त्याला 'बोंबलणं' म्हणायची, आणि ती काही फार चुकत नव्हती.

'स्टुडिओ अल्बम' म्हणून केवढे मिरवायचो आम्ही! स्टुडिओ होताच की — मागे काश्मीरच्या डोंगरांचा पडदा, भिंतींना मंडपवाल्याच्या गाद्या टेकवलेल्या, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची. लाइट गेली की घामाघूम होऊन पायरीवर बसायचं, समोसे खायचे, ती यायची वाट बघायची. नंतर मी ड्रोन घेतला, दुकानाला काच लावली, पण तितका खूश पुन्हा झालो नाही. खरंच नाही.

सुगत आसेगावचा. माझंही मूळ गाव तेच. त्याचा आजा किसन आमच्याच वावरात सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबायचा. माझे आजोबा त्याला कधी नावानं बोलवत नसत. 'अरे' म्हणायचे, 'ए' म्हणायचे, रागावले की जातीवरून हाक मारायचे. सुगतनं त्यावर गाणं लिहिलं, अल्बममधलं शेवटचं. बाकीच्या सात गाण्यांत कुणाचा आवाज कुठला ते आमचं आम्हालाही कळत नसे. हे एकच गाणं त्याचं एकट्याचं. त्यात ओळ होती — 'नाव घेऊन हाक मार, माह्या आज्याचं नाव किसन.' लिहून झाल्यावर त्यानं मला विचारलं होतं, "तुले चालते ना रे? तुह्याच घरचं हाये."

चालते, म्हणालो. छाती फुगवून म्हणालो.

ती अख्खी ओळ तो एका दमात ओरडायचा. लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकलून छाती तयार झाली, असं सांगायचा. चार वेळा गाऊन घेतलं आम्ही. तिसऱ्या वेळी काय झालं कोण जाणे — गजू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि सुगत गाद्यांना टेकून खाली बसला नि रडला. चौथ्यांदा उगीचच गायला.

आणि मग — बघा, मी अजूनही घुटमळतोय.

आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक लग्नाचं फोल्डर नवरदेवाच्या नावानं असतं. घरच्यांनी फोटो नेले की ते फोल्डर उडवायचं, पुढच्या लग्नांना जागा करायची. सुगतच्या त्या गाण्याचे चारही टेक मी सवयीनं 'सुगत' नावाच्या फोल्डरमध्येच ठेवले होते. तुळशीचं लग्न झालं, ऑर्डरी सुरू झाल्या, आणि एका सकाळी मी जुने नवरदेव साफ केले — विशाल, संतोष, सुगत, ज्ञानेश्वर. कायमचं काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलंसुद्धा. मी हो म्हणालो.

ही चूक झाली. चूक कुणाच्याही हातून होते. पण मी सांगायला बसलो ते हे नाही.

त्याच दिवसांत सुगतचा घसा बसला तो उठेचना. अकोल्याला दाखवलं, गाठ निघाली, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता जन्मात ओरडायचं नाही. आवाज परत आला तो एवढासा, शेजारच्याला कळेल इतकाच. मी भेटायला गेलो तर मलाच धीर देत म्हणाला, "जाऊ दे ना, आपलं गाऊन तं झालं."

तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. का नाही सांगितलं? त्याला दुखेल म्हणून? नाही — तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघेल, ती मला नको होती.

मी तीन दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि ते गाणं स्वतः ओरडलो. त्याची एकेक लकब मला पाठ होती. जमलं नाही तिथं कॉम्प्युटरवर आवाज घोगरा करून घेतला. ज्या माणसानं किसनला कधी नावानं हाक मारली नाही, त्याचा नातू मी, आणि मी सुगत होऊन ते नाव ओरडलो. खाली लिहिलं — आवाज: सुगत.

अल्बम त्यानं दुकानाच्या पायरीवर बसून ऐकला, कानाला हेडफोन लावून. शेवटचं गाणं संपलं तरी काढेना. मग त्या बारीक आवाजात विचारलं, "कोन्ता टेक घेतला?"

"तिसरा," मी म्हणालो.

"मले वाटलंच," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हेच ते. एका शब्दाचं खोटं. त्याची माय मोबाईल कानाशी धरून ते गाणं ऐकायची आणि मला म्हणायची, "गळा गेला तं गेला, पन पोराचा आवाज तुमी जपून ठेवला बापा." मी तिच्या हातचा चहा प्यायचो. ती गेली तेव्हाही मी बोललो नाही.

आता सुगत वाशीमला नोकरीला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. त्याची मुलगी सातवीत आहे. तिनं ते गाणं मोबाईलवरून ऐकून ऐकून बसवलंय. "काका, आयका," म्हणाली, आणि समोर उभी राहून जीव तोडून ओरडली — "माह्या आज्याचं नाव —" इथं थांबून तिनं श्वास घेतला, आणि मग म्हणाली, "किसन!"

सुगतचे डोळे भरून आले. "पाह्य," म्हणाला, "श्वाससुद्धा बापासारखाच घेते."

मी मान हलवली. तिचं कौतुक केलं.

सुगत त्या ओळीत श्वास घेत नसे. तो श्वास माझा आहे.