अंगठा हलेपर्यंत

विनिता पेडण्याची. बारा वर्षं ती मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि ऑपरेशन झालेलं पोर दुखायच्या आधी ओळखणं ही तिची खासियत. रडल्यावर काय, कोणीही ओळखतं, असं तिचं म्हणणं. ती कपाळाची आठी बघते, मुठी बघते. स्वतःचं डोकं दुखतंय हे मात्र तिला नवऱ्याने सांगावं लागतं.

मंगळवारी मये गावच्या बाबुरावांचा चार वर्षांचा नातू साईश हर्नियाचं ऑपरेशन होऊन आला. तो झोपेत असताना भुलीच्या डॉक्टरांनी माकडहाडाशी इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे कंबरेखाली सगळं बधिर. साईशला हे भलतंच आवडलं. "माजे पाय खंय गेले?" म्हणून तो खिदळत होता आणि दिसेल त्याला पाय शोधायला पाठवत होता.

बाबुरावांचा चेहरा पडलेला. पाय परत आलेच नाहीत तर? विनिताने चारपर्यंत येतील असा शब्द दिला आणि दुखण्याचं गुलाबी औषध पाजायला घेतलं. बाबुराव आडवे आले. पोर हसतंय, औषध कसलं? आधी पाय दाखव.

विनिताने घड्याळ पाहिलं. बधिरपणा उतरला की दुखणं उठणार, आणि औषधाला लागू पडायला अर्धा तास हवा. थांबलं तर भोगणार पोर. पण बोटं आधी हलतात, दुखणं मागाहून येतं, म्हणून शेवटी तिने सौदा केला: पायाचा अंगठा हलला की औषध, दुसरा शब्द नाही. पर्समधलं लाल नेलपॉलिश काढून तिने साईशच्या अंगठ्याला फासलं, लांबून दिसावं म्हणून.

मग काय, अख्खा वॉर्ड अंगठ्याकडे. शेजारच्या खाटेवरच्या नातवाजवळ बसलेली रुक्मिणीआजी पाव हातात धरून तशीच बसली. सव्वातीनला लाल ठिपका किंचित लवला.

"हललो," बाबुराव पुटपुटले.

सौद्याप्रमाणे औषधाचं टोपण तेच घेऊन पायथ्याशी आले. साईशने लाथ झाडली. सगळं औषध बाबुरावांच्या पांढऱ्या शर्टावर.

"आनी एक मार रे, पुता," बाबुरावांचे डोळे भरून आले.

"पुरे आजो, आत टाके आहेत," म्हणत विनिताने दुसरं टोपण भरलं आणि या खेपेस उशाशी जाऊन पाजलं.

चारला कपाळावर आठी नव्हती, मुठी सैल. साईश पाव मागत होता. आणि बाबुराव गुलाबी शर्टात रुक्मिणीआजीला समजावत होते, औषध रडायच्या आधीच द्यायचं असतं, लोकांना एवढंही कळत नाही.