साउंड चेक चालू आहे

गायिकेचा घसा बसला यात तिची काही चूक नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे आणि ती त्यांच्यात नाही. माणसाचा घसा आहे, बसतो. डॉक्टरांनी तिला बोलायलाही मनाई केली आणि दौरा आमच्या आधीच्या शहरातच थांबला. नाशिकचा कार्यक्रम झाला नाही, पुढच्या शहरांतलेही झाले नाहीत. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

मी त्या कार्यक्रमात वॉलंटियर होते. कॉलेजात आता बाहेर कुठेतरी काम करून त्याचे क्रेडिट मिळवावे लागतात. वर्गातल्या मुलींच्या ओळखी होत्या. कुणाच्या काकांचं ऑफिस, कुणाची मावशी बँकेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, मला कोण ओळखणार? सरांनी एका इव्हेंट कंपनीचा कागद वर्गात फिरवला आणि मी त्यावर नाव लिहिलं. काळा टी-शर्ट, गळ्यात फोटोचं कार्ड, शेवटी प्रमाणपत्र आणि घरच्यांसाठी दोन पास, असं मिळणार होतं.

पास मी मनमाडला घरी नेऊन दिले. धाकटी बहीण नववीत आहे. त्या गायिकेची सगळी गाणी तिला पाठ आहेत, कुठे श्वास घेते तेसुद्धा. आईने "मला नको ती गर्दी" म्हणून आपला पास बाबांना दिला. बाबा रेल्वेत ट्रॅकमन आहेत. "मी काय करू तिथं येऊन?" असं ते तीनदा म्हणाले आणि पांढरा शर्ट इस्त्रीला टाकून आले.

बाबा सातवी शिकलेले. शिष्यवृत्तीचा, होस्टेलचा, बँकेचा, कुठलाही फॉर्म असो, मी पुढे ठेवते, जिथे सही हवी तिथे बोट ठेवते आणि ते सही करतात. "तू वाचलं ना? मग झालं." एवढंच विचारायचे. हे लक्षात ठेवावं लागेल, कारण माझा सगळा राग शेवटी इथेच येऊन थांबतो.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला को-ऑर्डिनेटरने आम्हाला स्टेजच्या मागे बोलावलं. तिशीतला माणूस, हातात वॉकी-टॉकी, सगळ्यांना बेटा म्हणायचा.

"शो होत नाहीये. टूरच कॅन्सल आहे," तो म्हणाला. "पण हे आत्ता बाहेर जाणार नाही. अनाउन्समेंट संध्याकाळी होईल. तोपर्यंत कोणी विचारलं तर एकच वाक्य. साउंड चेक चालू आहे, गेट थोडं उशिरा उघडेल."

एका मुलीने विचारलं, "सर, पण लोक लांबून येतायत ना?"

"बाहेर स्टॉल लागलेत बेटा. लोक आलेच नाहीत तर स्टॉलवाल्यांना मी काय सांगू? आणि सर्टिफिकेटवर सही माझी आहे, हे लक्षात असू दे."

हे तो हसत म्हणाला. आम्हीही थोडं हसलो. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

बाबांची गाडी मनमाडहून सुटली होती. मी फोन काढला, त्यांचा नंबर उघडला आणि परत खिशात ठेवला. प्रमाणपत्राची भीती होती हे खरं. पण आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला लाज वाटते. गळ्यात कार्ड घातलेलं बाबांनी मला एकदा बघावं, असं मला वाटत होतं.

तीनच्या सुमारास ते आले. ऊन मी म्हणत होतं आणि रांग मैदानाच्या भिंतीला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली होती. बाबांनी कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. "चांगला आलाय," म्हणाले. बहीण म्हणाली, "ताई, आतून आवाज का नाय येत? साउंड चेकला आवाज येतो ना?"

मी म्हटलं, "हेडफोनवर करतात." हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

चारनंतर लोकांच्या मोबाइलवर कुठून कुठून मेसेज यायला लागले. दौरा रद्द, तिचा घसा बसला, ती परत गेली. रांग हलायला लागली. अंबडच्या कंपनीत काम करणारी एक बाई माझ्यासमोर आली. कडेवर लहान मूल, हाताशी मोठी मुलगी.

"शिफ्ट बदलून आलेय गं. घरी सासू आजारी आहे. होणार असेल तर थांबते, नसेल तर आत्ताच निघते. खरं काय ते सांग."

मी म्हणाले, "अफवा आहे ताई. साउंड चेक चालू आहे."

तिचा विश्वास बसला नव्हता. ती वळलीसुद्धा होती. तेवढ्यात मागून बाबा बोलले.

"अहो बाई, बसा निवांत. ती माझी पोरगी हाय. कॉलेजला हाय. ती खोटं नाय बोलायची."

आणि बाई बसली. भिंतीच्या सावलीत ओढणी अंथरून पोरांना घेऊन बसली.

बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आतली बातमी माहीत होती. प्लॅटफॉर्मवर कुणी विचारलं तर गाडी किती लेट आहे ते ते जसं आपुलकीने सांगतात, तसंच ते रांगेत शेवटपर्यंत सांगत गेले. "आमची पोरगी आतच असते. अफवा हाय म्हणाली. जाऊ नका." मी गेटपाशी उभी राहून त्यांचा पांढरा शर्ट लांब जाताना बघत होते. माझं एक खोटं वाक्य ते घरोघरी पत्रिका वाटावी तसं वाटत होते, आणि माझ्याच्याने त्यांना हाक मारवली नाही. दोन तास होते माझ्याकडे. त्या दोन तासांत मी कधीही हाक मारू शकले असते.

सव्वासहाला स्पीकरवर एका बाईच्या आवाजात घोषणा झाली. आधी इंग्रजीत, मग पुस्तकी हिंदीत. काही अपरिहार्य कारणांमुळे वगैरे. मराठीत झालीच नाही. बाबा लगबगीने माझ्याकडे आले.

"काय म्हणतीय ती? उघडलं का गेट?"

गेट उघडलं नव्हतं. आतून कडी घातली होती. को-ऑर्डिनेटर आणि त्याची माणसं आत, आम्ही टी-शर्टवाल्या पोरी बाहेर. एवढ्या लोकांपुढे आम्हाला उभं करून त्यांनी कडी घातली, हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. सांगायला गेले की आवाज चढतो आणि समोरचा म्हणतो, जाऊ दे ना आता.

लोक चिडले, ते बरोबरच होतं. पण माझ्यापेक्षा बाबा त्यांच्या जास्त ओळखीचे झाले होते.

"काय काका, पोरगी खोटं बोलत नाही ना?"

"काका, अजून एक राउंड मारा की. साउंड चेक कुठवर आलं सांगा."

"कार्ड बघा कार्ड. साहेबीण हाय ती."

बाबा प्रत्येकाकडे वळून बघत होते, जणू कुणीतरी खुलासा करेल. अंबडची बाई ओढणी झटकत उठली. माझ्या बाजूने ती सरळ बाबांकडे गेली. बाबांना म्हणाली, "दादा, तुमच्यामुळे थांबले मी."

बाबांनी हात जोडले. "चुकलं बाई माझं."

त्यांचं काय चुकलं होतं?

नाशिकरोड स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये आम्ही तिघं शेजारी बसलो. तिकिटं काढून झाल्यावर बाबांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"साडेबाराला."

त्यांनी मनात हिशोब केला. "साडेबाराला आम्ही लासलगावला व्हतो. गाडी उभी व्हती तिथं."

बहीण खिडकीकडे तोंड करून होती. स्टेशन आल्यावर म्हणाली, "ती तरी बरी हाय का? घसा जास्त दुखतोय का तिचा? का ही पण अफवाच?" मला तेव्हा माहीत नव्हतं. दिवसभरात तेवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

नंतर कॉलेजात अहवाल लिहायचा होता. सर म्हणाले, "निगेटिव्ह लिहू नका. काय शिकलात ते लिहा." मी इंग्रजीत तीन पानं लिहिली. प्रेक्षकांना वेळोवेळी योग्य माहिती दिली, गर्दीचं नियोजन कसं करतात ते शिकले, असं सगळं. त्यावर पालकाची सही लागत होती. सुट्टीत मनमाडला गेले, कागद पुढे ठेवला आणि सवयीने बोट ठेवलं.

बाबांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"काय लिहिलंय यात?"

"अहवाल आहे, कॉलेजचा."

"ते कळलं. वाच. मराठीत सांग."

एवढ्या वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सगळं इंग्रजीत होतं, मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पहिली ओळ वाचली. दुसरीत 'योग्य माहिती' होती. तिथे माझी जीभ अडली. मी कागद उचलला आणि म्हणाले, "थांबा, हे परत लिहिते."

तिथेच, जेवायच्या आधी, पाटावर वही ठेवून मराठीत दीड पान लिहिलं. साडेबारा, स्टॉल, कडी, अंबडची बाई, सगळं. हेडफोनसुद्धा. मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा मध्ये एकदाच बोलले, "लासलगाव राहिलं." ते घातलं. मग त्यांनी सही केली.

सरांनी तो अहवाल परत केला. असा चालणार नाही, क्रेडिट अडकतील, म्हणाले. इंग्रजीतली तीन पानं अजून माझ्या बॅगेत आहेत, त्यावर सही नाही. प्रमाणपत्र आलं आहे. त्यावर को-ऑर्डिनेटरची सही आहे, मोठी आणि वळणदार.

सोमवारी मी दीड पानाचाच अहवाल पुन्हा दिला.