चौथ्या मजल्यावरची बांगडी

भूकंपाची वाट पाहणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. माणसं पाहुण्यांची वाट पाहतात, बढतीची पाहतात, पत्राची पाहतात. आमचे भाऊजी चहाची बशी ओठांपर्यंत नेऊन मध्येच थांबवत आणि बशीतल्या चहाकडे टक लावून बसत. चहा जरा हलला की डोळे चमकायचे. "मास्तर, काही समजलं काय?" मी अमरावतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे, तेव्हा जगातलं सगळंच मला समजत असणार असा त्यांचा प्रामाणिक समज होता. "रस्त्यावरून एसटी गेली असेल," असं मी म्हटलं की ते हिरमुसून बशी एका घोटात रिकामी करत.

भाऊजी धंद्यानं मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, पण हातात थापी आली की भल्याभल्या इंजिनियरांनी बाजूला उभं राहून पाहावं. ओळंबा सदैव कोटाच्या खिशात. लग्नाला गेले तर मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून पाहत आणि खांब तिरका निघाला तर अक्षता पडेपर्यंत अस्वस्थ असत. आमच्या ताईला पाहायला आले तेव्हा ती पोहे घेऊन समोर उभी, आणि हे उठून तिच्या मागची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवत सुटलेले. मग वडिलांना विचारलं, "पाया किती फूट नेला जी?" वडील म्हणाले, चार. भाऊजींनी पुढे अवाक्षर काढलं नाही, आणि मुलगी नापसंत झाली असं समजून आमच्या घरात संध्याकाळी कोणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "पोरगी पसंत हाय. पन लग्नापावतर तिले त्या भिंतीजवळ निजू देऊ नोका." ताई हे जन्मभर अभिमानानं सांगत असे. म्हणायची, "बाकीच्यायच्या नवऱ्यानं तोंड पायलं. माह्या नवऱ्यानं माही काळजी केली."

भिंतींचं हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. ऐन उमेदीत त्यांनी चांदूर रेल्वे या गावाजवळच्या एका खेड्यात दोन खोल्यांची शाळा बांधली होती. पहिलंच स्वतंत्र काम. गावानं नारळ फोडला, यांच्या डोक्याला फेटा बांधला. दुसऱ्या पावसाळ्यात मधली भिंत वरपासून खालपर्यंत फाटली. सुट्टीचा दिवस होता म्हणून कोणाला काही झालं नाही, पण शाळा उतरवावी लागली. त्या भिंतीची एक वीट भाऊजींनी घरी आणली आणि देवांच्या शेजारी ठेवली. ताई देव पुसताना ती वीटही पुसत असे. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "देव माफ करते, मास्तर. हे ईट नाई करत." त्यानंतर हा माणूस पायाच्या बाबतीत कोणाचं ऐकेनासा झाला.

त्यांचा सिद्धांत असा होता की भूकंप ही दूरदेशीची गोष्ट नाहीच. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्या अंगावरचं घर वर्षातून दोनदा उचललं जातं आणि आपटलं जातं. "लोकाची जमीन एका मिनिटात हालते, आपली चार महिने हालत राह्यते. फरक घड्याळाचा हाय." आता जमीन हलते आहे हे कळायचं कसं? त्यासाठी भाऊजींनी काढलेला उपाय म्हणजे बांगडी. भिंतीला भेग दिसली की भेगेच्या दोन्ही कडांवर सिमेंटचे ठिपके द्यायचे आणि त्यांत काचेच्या बांगडीचा तुकडा आडवा बसवायचा. भेग निजली असेल तर तुकडा शाबूत राहतो, जागी असेल तर तुटतो. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्यामुळे भाऊजी कोणाच्याही घरात शिरून, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहून, "वैनी, तुमची बांगडी वाढली!" असं जाहीर करत आणि घरातली बाई दचकून आधी स्वतःचे हात पाही. भाऊजींसाठी ताई एक डबा तुकड्यांनी भरून ठेवी. कासारीण घरी आली की हे बांगड्यांचा रंग पाहत नसत; एक काकण उचलून उजेडात धरत आणि विचारत, "ताण किती सोसन?" कासारीण पुढेपुढे ताईला माजघरात बोलावूनच बांगड्या भरी.

आणि मग जपान आला. साठ साल उलटून गेलं होतं. वाचनालयात एका इंग्रजी पेपरात मी वाचलं, की जपानात भूकंपाच्या भयानं शंभर फुटांपेक्षा उंच बांधायला बंदी होती, ती तिथल्या सरकारनं उठवली. माणसं इतकी दाटली की आडवं पसरायला जागा नाही, तेव्हा आता वर जायचं. मी हे सहज बोललो आणि पुढचे दोन महिने माझी सुटका नव्हती. रोज शाळा सुटली की भाऊजी वाचनालयाच्या पायरीवर हजर. "आज काय म्हन्ते जपान?" मी एकदा वाचून दाखवलं, की तिथल्या इंजिनियरांच्या मते उंच इमारत ताठ नसावी, तिला थोडं डोलता आलं पाहिजे. भाऊजी उभे राहिले. "हेच तर मी सांगून राहिलो, लेकाहो! ज्वारीचं ताट पाह्य. डोलते म्हनून मोडत नाई. पन खाली मूळ धरून हाय, तवा डोलते!" ग्रंथपालांनी आम्हा दोघांनाही बाहेर काढलं.

त्यांनी जपानला पत्र लिहायचं ठरवलं. मी इंग्रजीत उतरवायचं, त्यांनी सांगायचं. "लिवा. भेऊ नोका. बांधा. पाया सोडू नोका. अन् दर मंजल्यावर बांगडी लावा, सोबत नमुना जोडला हाय." एक हिरवी बांगडी कापसात गुंडाळून, चपट्या डबीत घालून आम्ही पोस्टात नेली. पत्ता होता, चीफ इंजिनियर, जपान. कारकून म्हणाला, पत्ता अपुरा आहे. भाऊजींनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "जपानचा चीफ इंजिनियर कोन, हे जपानच्या पोस्टमनले माईत नसन काय?" कारकुनानं डबीवर शिक्का मारला. डबी गेली. उत्तर आलं नाही, आणि भाऊजींनी त्याचा कधी राग धरला नाही. "कामात असन तो," एवढंच म्हणत.

त्याच सुमारास अकोटच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींना अकोल्यात चार मजली इमारत बांधायची हौस आली. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. आज कोणी हसेल, पण तेव्हा त्या रस्त्यावर दोन मजल्यांच्या वर पाहायचं तर निंबाचं झाड पाहावं लागे. काम भाऊजींकडे आलं आणि त्यांनी एकच अट घातली : काळ्या मातीखालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं. दहा फूट झालं, काळी माती. चौदा झालं, काळी माती. अकोल्यातली रिकामी मंडळी काठावर उभी राहून विचारू लागली, "मिस्त्री, पानी लागलं काय?" अठरा फुटांना शेठजींचा धीर सुटला. "मी तुमाले वर जायाले बोलावलं, तुमी पाताळात चालले!" भाऊजी खड्ड्यातून म्हणाले, "शेठजी, तुमी वरचे चार मंजले मोजून राहिले. मी खालचे मोजून राहिलो." त्या दिवशी ते जेवायलाही वर आले नाहीत. भाकर दोरीनं खाली सोडावी लागली. तिसऱ्या दिवशी मुरूम लागला. मुठीत थोडा मुरूम घेऊन ते शिडीनं वर आले आणि त्यांनी तो पेढ्यासारखा सगळ्यांच्या हातावर ठेवला.

इमारत उभी राहिली तेव्हा खेड्यापाड्यांतून लोक एसटीनं येऊन, टोपी मागे धरून माना वर करत. माझं सांगतो, मी अकोल्याला जायला बडनेऱ्याला गाडीत चढल्यापासून डब्यात शेजारी बसलेल्या प्रत्येकाला सांगत गेलो की ती इमारत माझ्या भाऊजींची आहे. पण कौतुकाच्या पोटात धाकधूक होती. काळ्या मातीवर चार मजले! पहिल्या पावसाळ्यात बसणार, अशी साऱ्या गावाची खात्री. बिऱ्हाडं यायला तयार होईनात. तेव्हा भाऊजींनी अमरावतीचं घर बंद केलं आणि ताईला म्हणाले, "चाल. पावसाळा आपन चौथ्या मंजल्यावर काढू. पडली तं माह्या डोक्यावर पडली पायजे." ताई म्हणाली, "पडन तवा पडन. पन वर पानी कोन चढवन?" पाणी त्यांनी चार महिने स्वतः चढवलं. त्यांना पाहून मग एकेक बिऱ्हाड आलं.

राहायला जाण्याआधी त्यांनी प्रत्येक मजल्यावर, जिथे खांब आणि भिंत भेटते त्या सांध्यावर, बांगडीचे तुकडे बसवले. चौथ्या मजल्यावर मात्र डबा उघडला नाही. ताईपुढे हात केला. "इथं तुकडा नोको. अखंड दे." ताईनं क्षणभर हात मागे घेतला. हातातली बांगडी भिंतीत चिणायची, आणि ती तिथे वाढली तर? मग तिनं साबण लावून डाव्या हातातली हिरवी बांगडी उतरवली आणि म्हणाली, "घ्या. मले तुमचा भरवसा हाय." देवांशेजारी ती वीट बसलेली असताना हे म्हणणं सोपं नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी तपासणी ठरली. मी मुद्दाम गेलो होतो. शेठजी होते, बिऱ्हाडकरू जिन्यात जमले होते. पहिला मजला शाबूत. दुसरा शाबूत. तिसऱ्यावर भाऊजी थांबले. तुकड्याचे दोन भाग झाले होते. शेठजी दोन पायऱ्या खाली उतरले. भाऊजींनी भिंतीवरून हात फिरवला, सांध्याला नख लावून पाहिलं. भेग कुठेच नाही. तेवढ्यात तिथली बिऱ्हाडकरीण दाराआडून म्हणाली, "मिस्त्रीबुवा, थे आमच्या घरच्यायनं क्यालिंडराचा खिया ठोकला ना जी परवा, हातोडा लागला त्याले." खिळा तिथेच होता, शेजारी क्यालेंडर. सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग चौथ्या मजल्यावर गेले, अखंड बांगडीसमोर उभे राहिले आणि कोटाच्या बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली. अमरावतीला परतल्यावर देवांशेजारची वीट त्यांनी उचलून अंगणात तुळशीच्या पायाला लावली.

पुढे कोयनेला भूकंप झाला. पेपरात पडलेल्या घरांचे फोटो आले. मला वाटलं, आता भाऊजी आठ दिवस बोलणं थांबवायचे नाहीत. ते आले, पेपर पाहिला, घडी घालून ठेवला. "मास्तर," ते म्हणाले, "मले वाटे भूकंप म्हनजे परीक्षा. थे तं लोकायचे घरं होते." त्यानंतर त्यांनी बशीतल्या चहाकडे कधी टक लावली नाही, चहा हलला तरी मुकाट्यानं पिऊन टाकत. पुढल्याच वर्षी मी बातमी आणली, की जपानात छत्तीस मजली इमारत उभी झाली. त्यांनी मला आकडा दोनदा म्हणायला लावला. मग हळूच म्हणाले, "पोचली वाटते बांगडी."

भाऊजींना जाऊन आता कित्येक वर्षं झाली. ताईचे हात मोकळे आहेत. मागे एकदा तिनं हट्ट धरला, की मला अकोल्याला ने. त्या वयात चार जिने, मध्ये दोनदा बसली, पण माझा हात धरला नाही. आता त्या रस्त्यावर याहून उंच इमारती आहेत आणि ही जरा वाकून उभी असल्यासारखी वाटते, पण ओळंबा लावला तर केसभर फरक निघायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. चौथ्या मजल्यावर चुन्याच्या कितीतरी थरांखाली सांध्यावर एक गोल उंचवटा होता. ताईनं पदराच्या टोकानं, मग नखानं चुना खरवडला. आत हिरवा रंग चमकला. तिनं त्यावरून बोट पूर्ण गोल फिरवलं, कुठे अडतं का ते पाहत. कुठेच अडलं नाही.

"पाह्य," ती मला म्हणाली, "अजून वाढली नाई." आणि मोकळा हात भिंतीला टेकवून ती बराच वेळ तिथे उभी राहिली.