कुलपातला वस्तरा

दवाखान्यात तिला सगळे ‘सावकाश-सिस्टर’ म्हणत. प्रोस्टेट वाढल्यावर ज्या गोळ्या देतात, त्यातल्या काहींनी उठताना चक्कर येते. त्यामुळे कुणी खाटेवरून पाय खाली सोडला रे सोडला की ही ओरडायचीच, “सावकाश! आधी काठावर बसा!” तोंडाची फटकळ, पण तिचं बोलणं कुणी मनाला लावून घेत नसे.

म्हातारे तिच्यापुढे ताकाला जाऊन भांडं लपवायचे. कुणी गॅसचं निमित्त सांगे, कुणी कंबरेचं. बाईमाणसाला लघवीचं सांगायचं कसं! मग ती विचारायची, “घरून निघाल्यापासून कुठे कुठे थांबलात?” की माणूस अख्खा रस्ता सांगून मोकळा, आणि किती वेळा जावं लागतं ते तिला आपसूक कळे.

सलूनवाले काका आले ते कपाळाला पट्टी लावून. सोबत मुलगा होता. तोच बोलला.

“गोळी सुरू झाल्यापासून दोनदा कोसळले. दुसऱ्यांदा हातात वस्तरा होता, सिस्टर, आणि खुर्चीत माणूस! वस्तरा मी कुलपात ठेवलाय.”

“मग मी करू काय दिवसभर? भिंती बघू?” काका उसळले. “त्यापेक्षा गोळीच बंद करतो.”

मागे काकांची लघवी अडली होती, तेव्हा नळी घालताना तीच शेजारी उभी होती. ते हाल पुन्हा नकोत. आणि हातातलं काम गेलं की माणूस कसा बसल्या जागी खचत जातो, हेही तिनं पाहिलेलं.

तिनं झोपवून ब्लडप्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहताच ते धाडकन खाली आलं.

“गोळी कधी घेता?”

“सकाळी उपाशीपोटी, दुकान उघडताना. लिहिलीय रात्रीची, पण रात्री मी घरातच असतो. गोळी फुकट जाते.”

“काका, ती गोळी आहे की छत्री, बाहेर पडताना घ्यायला?”

मुलगा फिस्सकन हसला. काकांनी हसू दाबलं.

“आणि पाणी?”

“दुकान बंद होईपर्यंत थेंब नाही. गिऱ्हाईक सोडून सारखं उठायचं कसं?”

सिस्टरनं कपाळावर हात मारला. सकाळी उपाशीपोटी गोळी, अंगात पाणी नाही, वर दिवसभर उभं राहणं! तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी काकांना बसवून समजावलं: गोळी रात्री जेवणानंतरच. पाणी दिवसा प्यायचं, संध्याकाळनंतर कमी करायचं. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये लघवीला जाऊन यायचं. पुन्हा तपासून बघेपर्यंत हातात फक्त कात्री.

“आणि मनानं गोळी बंद केलीत तर गाठ माझ्याशी आहे,” सिस्टरनं पुस्ती जोडली.

काही आठवड्यांनी ती ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन दुकानात गेली. बाकावर आडवं करून मोजलं, उभं करून मोजलं. फरक नावापुरता होता. चक्कर नाही, लघवीही मोकळी होत होती. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

“वस्तऱ्याला हरकत नाही म्हणतात,” फोन ठेवत ती मुलाकडे वळली. “पण कुलूप तुमचं.”

काका कात्री पुसत राहिले, पुसलेलीच पुन्हा पुसली. सिस्टरला वाटलं, आता हा नाही म्हणाला तर म्हातारा मोडून पडेल. पण पोराचंही चुकत नव्हतं. त्यानं बापाला रक्तात पडलेलं पाहिलं होतं.

शेवटी मुलानं कपाट उघडलं, वस्तरा वडिलांच्या हातात दिला आणि स्वतःच खुर्चीत बसून मान मागे टाकली.

“आधी माझी करा, बाबा.”

काकांनी फेस लावला. पहिला हात गालावरून अलगद उतरला. गळ्यापाशी मात्र ते थांबले. तिथे वस्तरा उलटा फिरवला तर दाढी गुळगुळीत होते, पण हात जरा चुकला तर रक्तच येतं.

“इथे सुलटाच फिरवतो,” ते पुटपुटले.

“नाही बाबा,” मुलगा डोळे मिटून म्हणाला, “उलटा फिरवा.”