अर्धं शटर

सकाळी आपल्या गल्लीतली शटरं उघडू लागली, की मी अजूनही डोळे मिटून घेते. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासूनची ही सवय. आधी पट्टी, मग तो काळा चष्मा. वाचायचं नाही, शिवायचं नाही, फोनवर तुमचे चेहरेसुद्धा फार वेळ न्याहाळायचे नाहीत, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद! तुमची आजी रिकामी बसणारी नव्हे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डोळ्यांना रजा मिळाली, तेव्हा मी कानांना कामाला लावलं आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसून गल्लीची सकाळ ऐकू लागले.

प्रत्येक शटरला स्वतःचा स्वर असतो, हे इतक्या वर्षांत मला कधी जाणवलं नव्हतं. महेंद्रभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानाचं शटर सगळ्यांत जुनं. ते वयस्क माणसासारखं खाकरत, थांबत, पुन्हा खाकरत वर जातं. वैशालीच्या ब्यूटी पार्लरचं शटर मात्र एका दमात सर्रकन चढतं, तिच्या बोलण्यासारखंच. मोबाइल विकणाऱ्या तुषारचं शटर रोज निम्म्यावर अडतं, मग एक लाथ, मग तुषारची एक शिवी, आणि मग मोकळा झाल्यासारखा तो लोखंडी खडखडाट. या सगळ्यांच्या आधी, गल्ली अजून पेंगत असताना, एक निराळाच आवाज येतो. ओलं गोणपाट झटकल्याचा. तो फिलूचा. फिलूला शटर नाही, दुकान नाही, आहे ती कोपऱ्यावरची बसायची जागा आणि उमेळ्याहून, तिच्या गावाहून, रिक्षाने आणलेली टोपली. त्यात घरच्या वाडीतली वेलची केळी, अळूची पानं, शेवग्याच्या शेंगा, आणि या सगळ्यांवर पानात गुंडाळलेला सोनचाफा. गोणपाट झटकलं की तो सुगंध चौथ्या मजल्यापर्यंत येतो. डोळ्यावर पट्टी असताना सुगंधाला दिशा असते, हेही मला तेव्हाच कळलं.

तुम्ही लहान असताना या फिलूकडून सुकेळी, उन्हात वाळवलेली ती गोड केळी, घेऊन खात होतात. आता तुमच्या तिकडच्या दुकानांची दारं माणूस जवळ आला की आपसूक बाजूला सरतात, असं तुम्ही सांगता. सोयीचं असेल, पण ज्या दाराला उघडायला कुणाचे हात लागत नाहीत, ते दार कुणासाठी उघडलं हे त्याला कसं कळणार?

पण मला क्रमाने सांगू दे.

आपल्या गल्लीतल्या दुकानदारांचं एक मंडळ आहे. महेंद्रभाई त्याचे अध्यक्ष आणि वैशाली सचिव. नावापुरतं मंडळ म्हणून मी पूर्वी हसत असे. परंतु गटारावरची तुटलेली झाकणं त्यांनी बदलून घेतली, वळणावर दिवे आणले, आणि या वर्षी तर पदपथाच्या कडेला भाजीवाल्या बायकांसाठी पत्र्याची शेड, बसायला ओटा आणि पाण्याचा नळ उभारण्याची परवानगीही मिळवली. बायकांसाठी स्वच्छतागृह व्हावं, हा वैशालीचा ध्यास. बाजारातल्या बाया सकाळभर पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण मग जायचं कुठे? हे मी रोज वरून पाहत होते आणि तरी मला दिसलं नव्हतं. फुलपाड्याच्या चाळीत वाढलेल्या वैशालीला ते न पाहताच माहीत होतं.

याच आनंदात मंडळाने गल्लीचा उत्सव करायचं ठरवलं. खाद्यपदार्थ, मुलांच्या स्पर्धा, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. शेडचं उद्घाटनही त्याच दिवशी. शेडमध्ये जागा मात्र मोजक्याच. तेव्हा नियम असा ठरला, की ज्या बायका उत्सवात आपला स्टॉल मांडतील, त्यांनाच शेडमधली कायमची जागा द्यायची. उरलेल्यांनी गल्लीबाहेर, हमरस्त्यापलीकडे बसायचं. नियम वाईट नव्हता. जो आपल्यात मिसळतो त्याला आपल्यात जागा, इतकाच त्याचा सरळ अर्थ. बैठक झाली तेव्हा मी पट्टी बांधून घरी होते. वैशाली धावत वर आली, माझे हात धरून म्हणाली, "आजी, तारीख पण मस्त मिळाली! गुड फ्रायडे. सगळ्यांना सुट्टी, शनिवार-रविवार जोडून. आणि ज्यांच्या हातात स्वच्छतागृहाची मंजुरी आहे ना, ते साहेब नेमके त्याच दिवशी मोकळे आहेत. बॅनर पण टाकलाय छापायला, सगळ्यांना गुड फ्रायडेच्या शुभेच्छा देऊन!"

आपल्याकडे हे असंच असतं नाही का? दिनदर्शिकेवरचा तांबडा आकडा दिसला, की तो आनंदाचाच आहे असं आपण गृहीत धरतो आणि शुभेच्छांचा फलक टांगून मोकळे होतो. त्या फलकामागे दुष्टावा नव्हता; उलट फिलूसारख्या खेड्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा मान राखावा, हाच भाव होता. किती निर्मळ मनाने माणसं चुकतात! मी वैशालीला काही बोलायच्या आत तिला खालून हाक आली आणि ती पळाली.

दोन दिवसांनी पट्टी निघून काळा चष्मा आला, आणि सकाळी गोणपाट झटकल्याचा आवाज येताच मी जिना उतरून गेले. फिलूला मी म्हटलं, "तुझा स्टॉल कशाचा गं?" ती केळ्यांचे फणे लावत होती, मान वर न करता म्हणाली, "मी नाय येनार, टीचर." मी शाळेत शिकवत असे म्हणून ती मला टीचर म्हणते, निवृत्तीला कैक वर्षं लोटली तरी. "अगं, मग तुझी जागा जाईल," मी म्हटलं. "जाईल तर जाईल. त्या दिवशी आमच्या घरी मयत असते. मयताच्या दिवशी टोपली घेऊन कोन बाहेर पडतं? आमच्या देवळाची घंटासुद्धा त्या दिवशी वाजत नाय." चर्चला त्या लोकांच्या तोंडी देऊळ असाच शब्द आहे. "मग तू महेंद्रभाईंना सांगितलंस का?" यावर ती जराशी हसली. "काय सांगू? एवढ्या हौसेने करतात. माझ्या एकटीसाठी त्यांचा सन मोडू?"

मुलांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. त्या शुक्रवाराची प्रार्थना मला इंग्रजीतून मुखोद्गत आहे, त्यामागचा इतिहास मी वर्गात समजावला आहे. पण तो दिवस म्हणजे कुणाच्या तरी घरातलं मयत, इतक्या जवळून मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आणि ही बाई, जिने सासूच्या हातून त्या कोपऱ्याची जागा घेतली आणि ऊनपावसात ती राखली, ती दुसऱ्यांची हौस मोडू नये म्हणून आपली जागा सोडायला निघाली होती! कोण कुणाचा मान राखत होतं, आणि कोणाची किंमत देऊन?

संध्याकाळी काळा चष्मा लावून मी मंडळाच्या पुढच्या बैठकीला गेले. महेंद्रभाईंच्या दुकानात रंगांच्या डब्यांमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. व्याख्यान द्यायचं नाही, असं मी जिन्यातच स्वतःला बजावलं होतं. शिक्षकाला तेच सर्वांत अवघड. मी फक्त फिलूचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: त्या दिवशी तिच्या घरी मयत असतं. महेंद्रभाई दचकून उभेच राहिले. "अरे! कोण गेलं फिलूबेनकडे?" मी सांगितलं, ज्याला त्या शुक्रवारी क्रुसावर चढवलं, तो. तुषार हसला. "काय आजी, तुम्ही पण! त्याला झाली की दोन हजार वर्षं. ऑर्केस्ट्रावाल्याला मी आता काय सांगू?" वैशाली गप्प होती. ते साहेब दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हते, आणि साहेब नाहीत तर स्वच्छतागृह कधी, हे कोणी सांगावं! तिचं हे गप्प राहणं मला तुषारच्या हसण्यापेक्षा जड वाटलं; कारण तिची बाजूही खरीच होती.

आता आपल्या गल्लीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. गल्लीतून कुणाची अंत्ययात्रा निघाली, की प्रत्येक दुकानदार आपलं शटर निम्म्यापर्यंत खाली ओढतो. पूर्ण बंद नाही, कारण जगणं थांबत नाही. पूर्ण उघडंही नाही, कारण एक माणूस कमी झालेला असतो. यात ओळखपाळख, जातपात, धर्म, देणंघेणं कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी महेंद्रभाईंच्या आई गेल्या. बा म्हणायचे सगळे त्यांना. त्यांना नेलं तेव्हा गल्लीतली सारी शटरं अशीच अर्ध्यावर उतरली होती. फिलूला शटर नव्हतं. तिने टोपलीवर ओलं गोणपाट ओढून घेतलं, आणि यात्रा वळणापलीकडे जाईपर्यंत ती हात जोडून उभी राहिली. बाल्कनीतून मी ते पाहिलं होतं. खांदा देणाऱ्या महेंद्रभाईंनी ते पाहिलं असेल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

त्या बैठकीत महेंद्रभाईंची नजर गल्ल्यावरच्या बांच्या फोटोकडे गेली. मग तुषारकडे वळून म्हणाले, "मयत ते मयत. त्यात जुनं काय अने नवं काय? उद्या बाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी काय त्या दिवशी मी ऑर्केस्ट्रा लावणार?" मग वैशालीच म्हणाली, "ईस्टरनंतरच्या रविवारी ठेवू. साहेबांचं मी बघते." तुषार "माझ्या ओळखीवर बुक केला होता हो" असं पुटपुटत बाहेर जाऊन फोन लावू लागला. आणि तो छापायला टाकलेला फलक? त्याची मागची कोरी बाजू आता महेंद्रभाईंच्या रंगांच्या डब्यांखाली अंथरलेली आहे.

पुढचं मी काळ्या चष्म्याविना पाहिलं. त्या शुक्रवारी कोपरा रिकामा होता. सकाळी गोणपाटाचा आवाज नाही, चाफ्याचा वास नाही. दुकानं मात्र नेहमीसारखी उघडली. सुट्टीची गर्दी होती. दुपारी मी पडले होते, डोळा लागत होता, आणि अचानक शटरांचा आवाज सुरू झाला. सकाळचा आवाज, भर दुपारी! आधी ते खाकरणारं शटर, मग ते सर्रकन जाणारं. मी उठून बाल्कनीत आले. एकेक शटर खाली येत होतं आणि निम्म्यावर थांबत होतं. तुषारचं तर रोज तिथेच अडतं. त्या दिवशी त्याला लाथ बसली नाही. गिऱ्हाईकं वाकून आत डोकावत होती, काय झालं म्हणून विचारत होती. घोषणा नाही, फलक नाही, छायाचित्र काढायला कोणी नाही. आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांच्यापैकी तर एकही जण गल्लीत नव्हता! फिलू त्या वेळी उमेळ्यात, घंटा मुकी झालेल्या देवळात असणार. मी तिथेच उभी राहिले. ज्याच्यासाठी करावं त्याला ते कळलंच नाही, तर ते केल्यासारखं होतं का? मला त्या क्षणी वाटलं, कदाचित तेव्हाच होतं.

रविवारचा उत्सव छान झाला, पण साहेब आले नाहीत. स्वच्छतागृहाचा कागद अजून कुठल्या तरी टेबलावर आहे. तोवर वैशालीने आपल्या पार्लरमागच्या संडासाची किल्ली शेडच्या खांबाला अडकवली आहे, आणि फिलू हल्ली पाण्याची बाटली घेऊन येते. उत्सवात सुनेला सोबत घेऊन तिने सुकेळ्यांचा स्टॉल मांडला होता. शेडमध्ये तिला जागा मिळाली, पण कोपऱ्यावरची नव्हे. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मधली आली.

त्यानंतरच्या सोमवारी मी तिच्याकडे केळी घ्यायला गेले. ती खालच्या आवाजात म्हणाली, "टीचर, आमच्या शुक्रवारी आमचा रिक्षावाला इकडून गेलेला. काल येताना म्हनाला, तुमच्या बाजारात सगळी शटरं अर्धी होती. मग एवढ्या गर्दीत विचारायला बरं नाय वाटलं. कोन गेलं हो?" तिच्या मुद्रेवर खरी चिंता होती, गल्लीतल्या एकेका म्हाताऱ्याचं नाव ती मनात चाचपत असावी. मी म्हटलं, "तुमच्याकडचंच, फिलू." तिला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. केळ्याच्या फण्यावरचा तिचा हात तसाच राहिला. त्याच वेळी समोर ते जुनं शटर खाकरत वर जाऊ लागलं. ते पूर्ण उघडेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

आता ही काही तरी बोलेल, असं मला वाटलं. आणि ती बोलली, अगदी गल्लीभर ऐकू जाईल अशी, "ओ शेठ! या शेडमध्ये सकाळचं ऊन येतं सरळ तोंडावर. माझा चाफा सुकतो. पडदा लावा काय तरी!" आतून महेंद्रभाई ओरडले, "लावतो रे बाबा, लावतो! आधी दिवा तर लावू दे!"

मुलांनो, आभार कोणीही, कुठेही, परक्या दाराशीही मानू शकतो. तक्रार करायला मात्र हक्काची जागा लागते. तुम्ही तिथे कुठे घर कराल, ते मला ठाऊक नाही. पण ज्या गल्लीत तुम्हाला असं मोठ्याने कुरकुरता येईल, आणि जिथे तुमच्या नकळत कोणी तुमच्यासाठी काही अर्ध्यावर थांबवेल, ती तुमची समजा.

माझा डोळा आता पुरता बरा आहे. तरी सकाळी मी डोळे मिटते आणि ऐकते. पडदा लागला आहे. वाऱ्याने तो फडफडतो, आणि गोणपाटाच्या आवाजानंतर आता तोही एक आवाज असतो.