निकलसरांच्या तळटिपा

निकलसरांचा मोठ्या अक्षरांवर विश्वास नव्हता. लुननबर्गजवळच्या शेफर्स कोव्ह या समुद्रकाठच्या गावात त्यांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर गावच्या चर्चचा इतिहास लिहायला घेतला. त्यात वर मोठ्या अक्षरांत सगळे पुण्यवान आणि खाली बारीक अक्षरांत खरं काय ते. एक पाद्री 'प्रकृतीच्या कारणाने' गाव सोडून गेले असं वर, आणि प्रकृती कुणाच्या तळघरातल्या रमने बिघडली होती ते खाली. गावात तोंड तर दाखवायचं होतं आणि खोटं लिहवत नव्हतं, त्यावर सरांनी काढलेला हा तोडगा. "बारीक अक्षर वाचतंय कोण?" असं ते म्हणत.

वाचणारं माणूस घरातच होतं. व्हर्नाबाई, म्हणजे सरांची बायको. लग्न झाल्यापासून सरांचं एकही पान बाईंच्या होकाराशिवाय घराबाहेर पडलं नव्हतं, अगदी पेपरला पाठवलेलं तक्रारीचं पत्रसुद्धा. मधल्या काळात बाईंची नजर गेली, वाचनाची खोड काही गेली नाही. कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारा एक आवाज त्यांनी घरात आणला, त्याचं नाव कॉलिन ठेवलं आणि त्याला असा पळवायला लागल्या की सरांना नुसतं मधमाश्यांचं पोळं ऐकल्यासारखं वाटे. आता चर्चच्या वाढदिवसाचं जेवण जवळ आलं होतं, छापखाना घाई करत होता आणि बाईंचा होकार अडून बसला होता.

"मी वाचून दाखवतो ना," सर म्हणाले.

"तू टिपा गाळतोस."

"टिपांत काय ठेवलंय एवढं?"

"तुझ्या पुस्तकातली माणसं तिथंच राहतात. वर नुसते पुतळे. फाइल दे मला."

सर टिपा गाळत हे खरंच होतं. त्यातली एक टीप व्हर्नाबाईंवरच होती, आणि ती त्यांना मुळीच आवडणार नाही हे सर पुरते ओळखून होते. पण होकाराशिवाय पुस्तक छापणं हे सरांना मोजे न घालता चर्चला जाण्यासारखं होतं. त्यांनी फाइल दिली.

सर टाइपरायटरच्या काळातले. टिपेचा आकडा त्यांनी दर वेळी हातानेच टाइप करून वर चढवलेला, पानाच्या तळाशी एकच कळ दाबून दाबून रेघ ओढलेली आणि रेघेखाली टीप. दिसायला कसं देखणं. कॉलिनने वाचायला सुरुवात केली.

"चर्चचा पाया सन अठरा हजार नऊशे चौतीस साली घातला गेला."

अठराशे त्र्याण्णव सालाच्या डोक्यावरचा टिपेचा बारीक चार कॉलिनने सालालाच चिकटवला होता.

"म्हणजे अजून घालायचाच आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या.

कॉलिन पुढे निघाला. "पाद्री हिमेलमन यांनी पत्नीचा हात हातात घेतला आणि अंडरस्कोर अंडरस्कोर अंडरस्कोर अंडरस्कोर सतरा हिचीच आंबवलेल्या कोबीची बरणी प्रदर्शनात पहिली आली पण कोबी शेजारणीचा होता शांतपणे प्राण सोडला."

बाई टेबल धरून हसल्या. हसून झाल्यावर मात्र भडकल्या.

"तुला दिसतं की हे रेघेखालचं आहे. मला कसं कळायचं? कॉलिनला रेघ कळत नाही आणि बारीक अक्षरही कळत नाही. पाद्री मरतोय काय, कोबी आंबतोय काय, त्याला सगळं एकच."

"मग काय करू?"

"मेनूत 'तळटीप घाला' आहे, तिथून घाल. मग कॉलिन सांगतो, इथं टीप आहे. हवी तर मी खाली जाते, वाचते आणि होते तिथं परत येते. नको तर पुढे जाते."

"पण दिसायला तर दोन्ही सारखंच दिसतं!"

"तुला," बाई म्हणाल्या.

सर टोपी घालून धक्क्यावर गेले, धुक्यात वाकडंतिकडं तोंड करून आले आणि कामाला बसले. जुनी टीप पुसायची, मेनूतून नवी घालायची. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार रोज होत होता. मग एकदा सुरुवातीलाच एक विसरलेली टीप त्यांनी घुसवली, तर पुढचे सगळे आकडे आपोआप सरकले. जन्मभर खोडरबर झिजवलेल्या माणसाला हे पाहून भरून आलं. बाई आंघोळीला गेल्या होत्या, त्यांना सरांनी हाका मारून बाहेर बोलावलं.

बाईंवरच्या टिपेपाशी मात्र हात थांबला. ती पुसून नवी घातलीच नसती तर कुणाला पत्ता लागला नसता. अख्खी दुपार सर तिथं बसून होते. पण पुस्तकात ज्या एकाच माणसाबद्दल त्यांना खरं प्रेम होतं, ते माणूसच गाळायचं हे त्यांच्याच्याने होईना. टीप घातली आणि ते बटाटे सोलायला गेले.

बाहेर कॉलिन भुणभुणत होता. मध्येच थांबला. मग तेवढीच भुणभुण परत झाली.

"बर्टन! इकडे ये," बाईंनी सरांना हाक मारली.

बाईंनी कॉलिनचा वेग माणसात आणला. वर लिहिलं होतं, "समितीच्या अथक प्रयत्नांनी छपराची गळती थांबली." कळ दाबून बाई खाली गेल्या. "समिती हिवाळाभर चर्चा करत होती. गळती व्हर्ना निकल हिने नवऱ्याचे रबरी बूट घालून, डांबराची बादली घेऊन, शिडीवर चढून बुजवली. पुढे समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला."

"काढ हे."

"नाही काढता येत. पुढचे सगळे आकडे बिघडतील."

"लबाडा! आपोआप सरकतात. तूच मला आंघोळीतून बोलावून सांगितलंस."

सर हातातल्या अर्ध्या सोललेल्या बटाट्याकडे बघत राहिले. "खालचं कुणी वाचत नाही गं."

"कॉलिन वाचतो. आणि चुकीचं वाचतो. बूट तुझे नव्हते, माझे होते. तुझे घातले असते तर छपरावरून थेट कबरस्तानातच उतरले असते."

"बूट बदलतो. बाकी ठेवू?"

कळ दाबून बाई वरच्या वाक्यावर आल्या आणि पुन्हा खाली गेल्या. छपरावरून उतरल्यावर बाईंच्या डांबर माखलेल्या चेहऱ्यावर जे हसू होतं, तेच सरांना आत्ता दिसलं.

"आणि खाली शिडी धरून लटलट कापत कोण उभं होतं? ते नाही लिहिलंस."

"ते काही महत्त्वाचं नव्हतं."

"मग त्याची टीप घाल," व्हर्नाबाई म्हणाल्या. "आकडे सरकतील. आणि मग दे छापायला."